येते हं मी

आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. माझ्या सासूबाई तर कुणाच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं की त्याला उंबऱ्यातच थांबवायच्या आणि शब्द बदलून घ्यायच्या. त्या गेल्या, रीत राहिली. माझी सून पुण्यात रोज सकाळी ऑफिसला निघते, एक पाय चपलेत, एक अजून फरशीवर, दातांत धरलेली केसांची क्लिप काढून डोक्यात खोचते, मान वळवते आणि म्हणते, "येते हं मी."

माझा साडेतीन वर्षांचा नातू अजून कुणाला हाक मारत नाही. 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'आजी' तर नाहीच. पण हे वाक्य तो म्हणतो. अगदी तिच्यासारखं म्हणतो, 'हं' किंचित लांबवून आणि 'मी' जवळजवळ गिळून. जेवण पुरे झालं की ताटली पुढे सरकवून म्हणतो, येते हं मी. अंगावर तांब्याने पाणी घालताना एकदम उठून उभा राहतो आणि म्हणतो, येते हं मी. कुणी पाहुण्यांनी कौतुकाने उचलून घेतलं, तर त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू, येते हं मी.

मी चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. मुलगा 'येते' म्हणाला की 'येतो म्हण' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. सुरुवातीला मी तसं सांगायचेही. तो माझ्याकडे न बघता शांतपणे म्हणायचा, "येतो म्हण." दोन्ही शब्द, माझ्याच सुरात.

निदान झालं ते आषाढात. त्याआधी वर्षभर आम्ही सगळे आपापल्या परीने स्वतःची समजूत घालत होतो. मुलगे उशिरा बोलतात. याचा बाबाही उशिराच बोलला होता. घरात दुसरं मूल नाही म्हणून. मोबाईल बघतो म्हणून. हे शेवटचं मीच म्हणाले होते, तेही सुनेच्या समोर. नावाने हाक मारली तरी वळत नाही म्हणून आधी कान तपासले. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून ती 'बेरा' नावाची तपासणी केली. कान उत्तम निघाले. मला तर त्याआधीच कळायला हवं होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो दोन्ही कानांवर हात ठेवायचा. शिट्टी झाल्यावर नव्हे, आधी. एकदा मी ओट्याशी हातातलं काम थांबवून उभी राहिले आणि नुसतं ऐकलं. शिट्टीच्या आधी वाफेचा आवाज बदलतो. फुसफुस बारीक होते, वरचं वजन किंचित थरथरतं आणि मग शिट्टी होते. चाळीस वर्षं कुकर लावते आहे, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टर मॅडम दीड तास जमिनीवर बसून त्याच्याशी खेळल्या. साबणाचे फुगे उडवले. बाहुलीला चमच्याने भरवायला सांगितलं. पाठीमागून नाव घेऊन हाक मारली. भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या, "ते बघ!" त्याने पाहिलं ते त्यांच्या बोटाकडे. मग बोटावरच्या नखाकडे, मग नखावरच्या रंगाचा जिथे टवका उडाला होता तिथे. हत्तीकडे त्याने पाहिलंच नाही. मूल साधारण वर्षाचं झालं की दुसऱ्याला काही दाखवण्यासाठी बोट करू लागतं. मागण्यासाठी नाही, नुसतं दाखवण्यासाठी, 'बघ ना, चांदोबा' एवढ्यासाठी. ते बोट आमच्याकडे कधी वर झालंच नव्हतं. चिऊकाऊचे घास मीच भरवत होते, गॅलरीत उभी राहून कावळे मीच दाखवत होते, आणि तो माझ्या बांगड्यांवर पडलेलं ऊन बघत होता. मला वाटायचं, नातवाला आजीच्या बांगड्या आवडतात.

मुलाने विचारलं, "किती टक्के आहे?" मग म्हणाला, "बरा कधी होईल?" डॉक्टर मॅडम म्हणाल्या की हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही, त्याच्या मेंदूची घडणच अशी आहे. तो शिकेल, पण आपल्या वाटेने शिकेल. किती शिकेल ते आज कुणीच सांगू शकणार नाही. कागदावर इंग्रजीत तीन शब्द लिहिले आणि आम्हाला समजावं म्हणून म्हणाल्या, "मराठीत स्वमग्नता म्हणतात."

घरी परतताना पाऊस लागला. सिंहगड रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मुलगा समोर बघून गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी सून हातातला कागद घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. मागे मी आणि तो. काचेवर वायपर फिरत होते. त्यांच्याबरोबर त्याची मान फिरत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाणी जमायचं, पुसलं जायचं, पुन्हा जमायचं. दर वेळी काच स्वच्छ झाली की त्याच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघायचा, आनंदाचा. त्या गाडीत चार माणसं होती आणि त्यातलं एकच सुखात होतं. मला त्याचं सुख त्या क्षणी सहन झालं नाही, हे मी लिहून ठेवते. तुला काही कळत नाही का रे, असं मनात आलं. दोन आठवड्यांनी तोच प्रसंग आठवला तेव्हा त्याचा अर्थ बदलला होता. पण त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मी वाईची. ज्या गावात लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, त्या गावात माझं आयुष्य गेलं. एका परक्या शब्दाला नेमका मराठी शब्द शोधण्यासाठी दिवस दिवस घालवणारी माणसं आम्ही रस्त्याने येता-जाताना पाहिली आहेत. त्यामुळे 'स्वमग्नता' हा शब्द मी काही गुपचूप घेतला नाही. परतल्यावर रात्री अंथरुणात त्याची फोड करत पडले. 'स्व' म्हणजे स्वतः. 'मग्न' म्हणजे बुडालेला, मज्ज् धातूपासून आलेला. आपल्या भाषेत मग्न असणं हा एरवी गुण आहे. ध्यानमग्न ऋषी असतात, कार्यमग्न माणसाचा आपण आदर करतो. आधी 'स्व' लागला की मात्र शब्दाचं तोंडच बदलतं. स्वतःतच बुडालेला, इतरांकडे पाठ फिरवलेला.

मुळातला 'ऑटिझम' हा शब्दही तसाच आहे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो १९११ साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांविषयी लिहिताना वापरला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. म्हणजे मराठी शब्द करणाऱ्याने काम चोख केलं. अडचण मुळातच आहे. माझा नातू दिवसभर कशाकशात बुडालेला असतो, ते मी मोजलं आहे. गव्हाच्या चाळणीतून फरशीवर पडणारे उजेडाचे ठिपके. सोललेल्या लसणाची उडणारी सालं. दाराच्या बिजागरीत दार उघडताना बारीक होत जाणारी फट. नळ बंद केल्यावर तोटीच्या टोकाशी लोंबणारा, पडू की नको करणारा शेवटचा थेंब. यातलं 'स्व' कुठलं? हे सगळं बाहेरचं आहे. या घरात स्वतःच्या विचारात बुडालेलं कुणी असेल तर ते आम्ही, कर्जाचे हप्ते आणि नातेवाइकांची बोलणी मनात घोळवत चालणारे. तो तर जगात बुडालेला आहे, फक्त आम्ही ज्या जागी बुडी मारतो त्या जागी नाही.

डोळे दुखेपर्यंत मुलाच्या लॅपटॉपवर वाचत बसले. मुलगा काय शोधायचं ते लावून द्यायचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्यात अकरा मुलं आहेत, आठ मुलगे आणि तीन मुली. पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना मुलाविषयी तेहतीस पानांचं पत्र पाठवलं होतं. तेहतीस पानं! त्या बापाने किती रात्री लिहिलं असेल, काय काय आठवून. कॅनरांनी टिपलं आहे की हा मुलगा 'मी'च्या जागी 'तू' म्हणतो. अंघोळ हवी असली की आई त्याला जो प्रश्न विचारायची तोच प्रश्न तो तिला विचारतो.

हे वाचून मी उठून बसले. सकाळी जाग आली की आमचा हा गादीवर बसून स्वतःलाच विचारतो, "उठलास का रे राजा?" भूक लागली की फ्रिजशी उभा राहून, "भूक लागली का तुला?" तहान लागली की, "पाणी देऊ?" अमेरिकेतला तो मुलगा आणि पुण्यातला हा. मध्ये ऐंशी वर्षं आणि दोन समुद्र.

पण कॅनरांना जे दिसणं शक्य नव्हतं ते मला दिसत होतं, कारण त्यांच्या भाषेत ते नाहीच. इंग्रजीत 'मी येते' आणि 'मी येतो' सारखंच. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याची खूण अंगावर घेऊन येतं. त्यामुळे माझ्या नातवाची बरीच वाक्यं कुणी दिली, ते ऐकताक्षणी कळतं. "येते हं मी" आईचं. "दोन मिनिटांत करतो" बाबाचं. "बाई गं, दमले" हे माझं; जिना चढून आलो की पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत न दमलेला हा मुलगा दारात उभा राहून दमलेल्या बाईसारखा सुस्कारा टाकतो. त्याने आमच्याकडून शब्द सुटे सुटे उचललेच नाहीत. अख्खी वाक्यं उचलली, आवाजासकट, श्वासासकट, आणि ज्याची वस्तू त्याच्या नावाने जपून ठेवावी तशी ठेवली.

स्पीच थेरपिस्ट मुलगी माझ्या शेवटच्या शेवटच्या बॅचमधल्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे. तिला मी व्याकरणाची तक्रार सांगितली. ती म्हणाली, "आजी, तो व्याकरण नाही उचलत. प्रसंग उचलतो." मग तिने विचारलं, आई 'येते हं मी' म्हणते तेव्हा घरात काय होतं? मी म्हटलं, काय होणार, ती जाते. "कोणी रडतं का?" नाही. "कोणी तिला अडवतं का?" नाही. "बघा ना," ती म्हणाली, "एक वाक्य म्हटलं की माणूस एका जागेतून सुटतं, आणि कुणाला राग येत नाही. त्याला हवं तेच आहे ते."

म्हणजे 'पुरे'. म्हणजे 'सोडा मला'. त्याने तीन शब्दांच्या घरात एवढी मोठी गोष्ट राहायला आणली होती आणि मी तिचं लिंग दुरुस्त करत बसले होते. आता आम्ही दुरुस्त करत नाही. तो "भूक लागली का तुला?" म्हणाला की मी त्याच्या बाजूने वाक्य म्हणते, "मला भूक लागली," आणि पोळी देते. ऐकतो की नाही ते कळत नाही. पोळी घेतो. पोळी कोरडी लागते, भात पांढरा लागतो, वरण भाताला शिवलेलं चालत नाही. हे हट्ट नव्हेत, हेही मला उशिरा कळलं.

मी एक वही केली आहे. शंभर पानी, शाळेत असायच्या तशीच. डावीकडे त्याचं वाक्य, उजवीकडे ते कुठून आलं. काही वाक्यांचा उगम सापडायला महिने लागले. "लाईट गेली वाटतं" हे तो भर दिवसा म्हणायचा. मिक्सर लागला की, लिफ्टचं दार धाडकन आपटलं की, डॉक्टरांच्या खोलीत शिरताना. सून म्हणायची, अर्थ नाही त्याला. मग एकदा मला वैशाखातली ती वाईची रात्र आठवली. वळवाचा पाऊस, वीज कडाडली, अंधार झाला आणि तो माझ्या मांडीवर ताठ झाला. त्याच्या आजोबांनी अंधारातून म्हटलं होतं, "लाईट गेली वाटतं." त्या दिवसापासून भीतीचं नाव तेच. कॅनरांच्या त्या अकरा मुलांतही असा एक आहे. आई स्वयंपाकघरात बालगीत म्हणत होती आणि हातातलं पातेलं पडलं. पुढे पातेल्यासारखं काही दिसलं की तो मुलगा त्या गीतातला तुकडा म्हणायचा. हे वाचलं आणि त्या रात्री मी वहीत उजवीकडच्या रकान्यात लिहिलं: भीती वाटते. आता तो तसं म्हणाला की आम्ही त्याला जवळ घेतो. घट्ट, हलका हात त्याला सोसत नाही.

सुनेविषयी लिहायला हवं. निदानानंतर महिनाभर ती रात्री झोपायची नाही. एकदा पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. म्हणाली, "आई, मी सहाव्या महिन्यातच कामावर गेले. म्हणून झालं का?" हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं होतं? थोडं जगाने, थोडं मी. माझ्या त्या मोबाईलच्या वाक्याने.

मी तिच्याशेजारी बसले आणि वाचलेलं सगळं सांगितलं. एक काळ असा होता की डॉक्टरच आयांना दोष देत होते. थंड आया, म्हणे, बर्फाच्या कपाटासारख्या. खुद्द कॅनरांनीही आईबापांच्या कोरडेपणाविषयी लिहिलं होतं, आणि शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्याचं जाड पुस्तक केलं. जगभरातल्या किती आयांनी ते आपल्याच हाताने आपल्या कपाळावर लिहून घेतलं असेल. पण त्याच्याही आधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं होतं. त्याचा स्वतःचाच मुलगा असा होता आणि आपली बायको थंड नाही हे त्याला ठाऊक होतं. १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. हुबेहूब सारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघंही स्वमग्न निघाले. वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत नाही. म्हणजे हे बरंचसं रक्तातून येतं, मांडीवर किती वेळ घेतलं त्यावरून ठरत नाही. लसीमुळे होतं म्हणणारा १९९८ सालचा तो इंग्लंडमधला लेखही खोटा ठरला, २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला; त्यावर अधिक शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही. सून ऐकत होती. मग म्हणाली, "रक्तातून म्हणजे आमच्याकडून की तुमच्याकडून?" आणि आम्ही दोघी त्या अंधारात पहिल्यांदा हसलो.

आमच्याकडून असेलही. यांचे एक चुलते होते. पंचांग तोंडपाठ, लग्न केलं नाही, एकाच कल्हईच्या ताटात जेवले आयुष्यभर, कुणी ताट बदललं तर उपाशी उठायचे. गाव त्यांना चक्रम म्हणायचं. आता त्यांना नाव द्यायला मी कोण? पण त्यांचं ताट घासून जागेवर ठेवणारी माझी सासू मला अलीकडे फार आठवते. तिने कारण विचारलं नाही. ताट मात्र कधी बदललं नाही.

आणि आठवतो तो मुलगा.

१९८८ सालचा पावसाळा. धोम धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेत मी होते. दोन खोल्या, कौलारू. पहिलीत एक मुलगा होता. हजेरी घेताना कुणाचंही नाव घेतलं की तो म्हणायचा, "हजर बाई." पंचवीस मुलं, पंचवीस वेळा. मुलं हसायची. मला वाटायचं, खोडी काढतोय. त्याला मी कान धरून उभं केलं. तो कान धरून उभा राहिला आणि खिडकीतून कौलांच्या पागोळ्या बघत राहिला. पागोळ्यांनी अंगणात एका रेषेत खळगे पडले होते, प्रत्येक थेंब आपापल्या खळग्यात पडत होता आणि तो एकेका खळग्याकडे बघत पुढे सरकत होता, रेषेच्या टोकापर्यंत, आणि परत. एक दिवस मी त्याची हनुवटी धरली, तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "माझ्याकडे बघ." त्याने नजर दुसरीकडे नेली. मी हनुवटी आणखी घट्ट धरली. तो माझ्या हाताला चावला.

वर्षाअखेरीच्या नोंदीत मी लिहिलं, 'अभ्यासात लक्ष नाही.' दुसरीत तो शाळेतून गेला. गुरं राखायला लागला असं कळलं. मी चौकशी केली नाही.

त्या काळी आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा शब्दच नव्हता, हे खरं आहे. १९९५ सालच्या अपंगांच्या कायद्यातही तो नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत त्याला पूर्ण जागा मिळाली. पण शब्द नव्हता म्हणून डोळेही नव्हते, असं मला म्हणवत नाही. मी रोज त्याला पागोळ्या बघताना पाहत होते. त्याच्याइतकं लक्ष त्या वर्गात कुणाचंच नव्हतं. ते माझ्याकडे नव्हतं, एवढंच. आणि मी लिहिलं, लक्ष नाही. इंग्लंडच्या डायना मरे आणि त्यांच्या सोबत्यांनी २००५ साली हेच मांडलं की या माणसांचं लक्ष कमी नसतं, एकाच जागी साठतं. आपलं चारी दिशांना थोडंथोडं पसरलेलं असतं, त्यांचं एका धारेने पडतं, आणि तिथून ते उपटून काढणं त्यांना दुखतं. माझ्या बोटांना त्या हनुवटीचं हाड अजून आठवतं. तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. कुठे असेल, कोण त्याला जेवायला वाढत असेल?

नातवालाही मी तसं ओढलं आहे. निदानाच्या आधीच्या माघात कृष्णाबाईच्या उत्सवाला त्याला मी हौसेने नेलं. घाटावर मांडव, गर्दी, कर्णे, फुलांचा आणि तुपाचा वास. तो दगडी पायरीवर पालथा पडला आणि किंचाळत राहिला, डोकं आपटू लागला. लोक जमले. कुणी म्हणालं, लाडावलाय. कुणी म्हणालं, दोन ठेवून द्या. घरी येऊन मी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. विस्तवावर मोहऱ्या तडतडल्या आणि तो पुन्हा कानांवर हात ठेवून पलंगाखाली गेला. हट्ट करणारं मूल मध्येच थांबून बघतं, कोणी बघतंय का. त्याने त्या दिवशी कुणाकडेच पाहिलं नव्हतं. सगळं एकदम आत शिरत होतं आणि दार लावायची सोय त्याच्याकडे नव्हती.

मध्यंतरी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी झाली. आपल्याकडे त्यासाठी चाळीस मुद्द्यांचं मोजमाप आहे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तर किंवा त्याच्या पुढे गेलं की नोंद होते. आयुष्यभर मुलांचे गुण मी बेरजेला लावले, पण अशी बेरीज करताना हात थांबला. एका प्रश्नाला मुलगा आणि सून दोघंही लगेच 'हो' म्हणाले: दुसऱ्याचा हात एखाद्या वस्तूसारखा वापरतो का? खरंच आहे. बाटली उघडायची असली की तो माझ्याकडे बघत नाही, माझं मनगट धरतो आणि माझा हात झाकणावर नेऊन ठेवतो, जसा सांडशीने तवा धरावा. हे मला लागायचं. मी त्याला सांडशी वाटते का, असं मनात यायचं.

गोड शेवट मला लिहिता येणार नाही. तो रात्री दोनला उठतो आणि पहाटेपर्यंत जागा असतो. दार उघडं दिसलं की रस्त्याकडे धावतो, गाड्यांची भीती त्याला नाही. आठवड्यातून चार दिवस थेरपी, तिचा खर्च, ऑफिसातून लवकर निघाल्यावर सुनेला ऐकावं लागणारं. बालवाडीने सौम्य शब्दांत नाही म्हटलं. आणि एक प्रश्न, जो आमच्यापैकी कुणीच मोठ्याने विचारत नाही पण चौघंही रोज अंथरुणावर घेऊन जातो, की आमच्यानंतर याचं काय. कॅनरांचा तो डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. त्याच्या छोट्या गावाने त्याला सांभाळून घेतलं होतं. हे मी सुनेला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार होते, पण ती म्हणाली, "आई, तो डोनाल्ड होता. हा हा आहे." बरोबर बोलली.

मार्गशीर्षात सगळी वाईला आली. पहाटे त्याला जाग आली तेव्हा मी त्याला शालीत गुंडाळून गणपती घाटावर नेलं. गर्दी नव्हती. नदीवर धुकं होतं, एक बाई खालच्या पायरीवर तांब्या घासत होती. उन्हं वर आली तशी पाण्यावरची तिरीप उडून देवळाच्या काळ्या दगडी भिंतीवर पडली आणि सगळी भिंत थरथरायला लागली. चाळीस वर्षं मी या घाटावर येते. मान वर करून ढोल्या गणपतीला हात जोडते आणि निघते. तो खाली शेवटच्या कोरड्या पायरीवर पोटावर निजला, गाल दगडाला टेकवून, डोळे बरोबर पाण्याच्या पातळीला. मी गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत त्याच्याशेजारी बसले आणि मग, बाईने पाहिलं तर पाहू दे म्हणून, वाकून माझंही डोकं त्याच्या डोक्याशी खाली नेलं. तिथून नदी वेगळीच दिसते. सपाट नाही दिसत. बारीक बारीक टेकड्या एकामागून एक चालत येतात आणि पायरीशी पोचून मोडतात.

त्याने माझं मनगट धरलं. न बघता, नेहमीसारखं. माझा हात पाण्यात नेला आणि सोडला. एक लाट उठली, गोल, मोठी होत गेली, पलीकडच्या दगडाला लागली, परत आली, मोडली. पाणी अगदी निवळेपर्यंत तो थांबला. मग पुन्हा मनगट, पुन्हा हात वर, पुन्हा पाण्यात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला दिसलं की त्याआधी त्याने आपला स्वतःचा हात बुडवून पाहिला होता. शालीचं टोक ओलं होतं. त्याच्या हाताने लहान लाट उठते. माझ्या हाताने मोठी उठते, पलीकडच्या दगडापर्यंत जाते.

पाणी बर्फासारखं होतं. बोटं बधिर झाली. वरच्या पायरीवरून सुनेचा आवाज आला, "आई, चहा झालाय. निघायचं ना?"

मी वाट पाहिली. तो 'येते हं मी' म्हणाला नाही. त्याने पुन्हा माझं मनगट उचललं.

"थांब जरा," मी म्हटलं. "ही लाट अजून पोचायची आहे."